अमेरातमधली आगोट

“हे भंगार आजच्या आज रुसैलच्या मोडीत पाठवा, बाबामियाँ! खलास! मला यार्डात जागा पाहिजे!”

“आगोट आली रे क्लेमेंट! आगोटीच्या तोंडावर कोणी गाडा मोडीत घालतो काय?”

“कसली आगोट? हे ओमान आहे! इथे पाऊस कुठाय? एक ढग दाखवा मला. एक!”

मित्रांनो, या क्लेमेंटने ज्याला भंगार म्हटलं ना, तो मी. मी एक जुना बोट-ट्रेलर आहे. दोन चाकं, लोखंडी सांगाडा, पुढे गाडीला अडकवायची मान आणि पाठीवर होडी निजवायला रबरी रोलर. होडीला पाय नसतात. घरापासून समुद्रापर्यंत तिचे पाय मीच. लोक होडीचे फोटो काढतात, तिच्या पायांचे कोणी काढत नाही. असो.

भंगार हा शब्द ऐकला आणि माझं डोकं तापलं. तसं मे महिन्यात अल अमेरातला सगळंच तापतं. चहूबाजूंनी उघडे डोंगर आणि मध्ये आमचं यार्ड, म्हणजे तवाच. पण हे तापणं वेगळं होतं.

भांडणारे दोघेही माझ्या रोजच्या ओळखीचे. बाबामियाँ रत्नागिरीकडच्या जयगडचे. साठीला आलेले, यार्डाचे मेकॅनिक, डाव्या खांद्यावर ग्रीसचं फडकं कायमचं. क्लेमेंट वसईचा, ऑफिस बघणारा. त्याच्या खिशाला दोन पेनं असतात, त्यातल्या एकाला टोपण नाही, म्हणून सगळ्या शर्टांवर एकाच जागी निळा डाग. माणूस वाईट नाही. पण कागदावर लिहिलेलं दिसलं की त्याला पुढचं काही दिसत नाही.

आणि त्या दिवशी त्याच्या हातात कागद होता. प्लॅस्टिकमध्ये घातलेला, रंगीत चौकटींचा. त्याचा चार्ट.

त्याचं असं झालं होतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, गिऱ्हाइकांना समुद्रात फिरवायला नवीन मोठी बोट आणि तिच्यासाठी नवीन ट्रेलर घेतला. चांदीसारखा चकचकीत. त्याच्याबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं. ते लिहिणारा कुठल्या तरी बर्फाच्या देशातला. त्यात लिहिलं होतं की थंडी आली की ट्रेलर धुवा, ठोकळ्यांवर चढवा, चाकं काढा आणि झाकून ठेवा. क्लेमेंटने ते तसंच्या तसं उतरवलं. ऑक्टोबरच्या चौकटीत मोठ्या अक्षरात ‘विंटर स्टोरेज’. मेची चौकट कोरी. खाली अर्बाबची सही.

“मे महिन्यात चार्टात काही नाही,” क्लेमेंटने चौकटीवर बोट आपटलं.

“चार्ट लिवला कोणी? बर्फात राहणाऱ्यान! त्याची होडी थंडीत निजते. आपली थंडीत धावते! उन्हाळ्यात कोण गिऱ्हाईक येतंय इथं भाजून घ्यायला? जून ते सप्टेंबर होडी उभीच. आणि उभ्या गाड्याला ऊन खातं, मीठ खातं. हीच आपली आगोट!”

तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. कोकणात पावसाळा तोंडावर आला की होड्या किनाऱ्यावर ओढतात, गोड्या पाण्याने धुतात, तेल पाजतात आणि झापांनी शाकारून ठेवतात. त्या दिवसांना आगोट म्हणतात. बाबामियाँ बावीस वर्षांपूर्वी ओमानला आले, पण आगोट त्यांच्या अंगातून गेली नाही. मे उजाडला की त्यांचे हात आपोआप ग्रीसचा डबा शोधायला लागतात.

“सही म्हणजे सही, बाबामियाँ,” क्लेमेंट म्हणाला. “नवीन ट्रेलरला हात लावायचा नाही. आणि हा जुना जागा अडवतोय.”

तेवढ्यात अर्बाबची पांढरी गाडी आत आली. काच खाली झाली. “क्या मुश्किल?”

बाबामियाँनी खांद्यावरचं फडकं काढून हातात पिळलं. “अर्बाब, ये जुना ट्रेलर है ना, ऑक्टोबरमें पहिला ट्रिप येच करेगा. नई बोट लेके.” मग क्लेमेंटकडे वळून ओरडले, “आणि नाय ओढली त्याने, तर हा रुसैलला आणि मी जयगडला! फायनल एक्झिट! सांग त्यांना!”

क्लेमेंट गडबडला. “अहो, एवढं काय...”

“सांग!”

क्लेमेंटने सांगितलं. अर्बाब खाली उतरला. गाडीच्या चावीने माझ्या सांगाड्यावर एक टिचकी मारली. टण्ण! मी जीव एकवटून वाजलो. आवाज चांगला आला, माझा मलाच.

“ऑक्टोबर,” अर्बाब म्हणाला. “इन्शाल्ला.”

मित्रांनो, तुम्हाला वाटेल मी खूश झालो. अर्धा झालो. अर्धा घाबरलो. कारण माझी अवस्था मला माहीत होती. डाव्या चाकात हवा नव्हती. पाठीवर दोन बिघडलेले एसी आणि पाण्याची फुटकी टाकी. दोन वर्षं मला कोणी हलवलं नव्हतं. आणि माझ्या भरवशावर एका माणसाने आपली नोकरी लावली होती.

पण मी काही कुठूनही उचलून आणलेला नाही. माझंही घराणं आहे. अर्बाब मूळचा इब्राचा. इब्रा डोंगरापलीकडचं गाव, तिथून समुद्र दिसत नाही. ज्याला समुद्र दिसत नाही त्यालाच होडीचं वेड जास्त. अर्बाबने इब्राच्या बाजारामागच्या एका वर्कशॉपात उभं राहून मला बनवून घेतलं. वेल्डर पंजाबी होता. एक जोड त्याला आवडला नाही, तर त्याने तो कापून पुन्हा केला. तो जोड आजही माझ्या मानेजवळ आहे, आजपर्यंत त्याला केसाएवढीही भेग नाही.

एक गोष्ट मात्र लाजेची आहे. माझ्या पाठीवरचं पहिलं वजन होडीचं नव्हतं. बकऱ्यांचं होतं. ईद जवळ आली होती आणि अर्बाबच्या भावाला बाजारातून नऊ बकऱ्या घरी न्यायच्या होत्या. एकीने माझा नवा कोरा लाल दिवा चाटला. मी ते विसरलेलो नाही.

नंतर मात्र मी अकरा वर्षं एकही सीझन न चुकता होडी ओढली. अमेरातहून कुरियातच्या किनाऱ्यावर, भल्या सकाळी खाली, दुपारी वर. आणि माझा सगळ्यात मोठा दिवस ऐका. एका वर्षी वादळाची सूचना आली. किनाऱ्यावरच्या सगळ्या होड्या आत न्यायच्या होत्या आणि ट्रेलर होते तीन. त्यातला एक मी. त्या दिवशी मी सतरा होड्या वर आणल्या. सतरा! होड्या कोणाच्या, मला माहीत नाही. बाबामियाँनीही विचारलं नाही. प्रत्येक फेरीनंतर ते खाली वाकायचे आणि माझ्या चाकाच्या मधोमध, जिथे बेअरिंग असतं तिथे, उजव्या हाताचा तळवा ठेवायचे. आई पोराच्या कपाळाला हात लावून ताप बघते ना, तसा. कोमट असेल तर “चल बाळा” म्हणायचे. गरम असेल तर थांबायचे, मग कोणी कितीही हॉर्न मारो.

संध्याकाळी एका म्हाताऱ्या ओमानी कोळ्याने माझ्या मानेला हात लावून दुवा दिली. माणसांना दुवा मिळते. ट्रेलरला मिळालेली तुम्ही ऐकली आहे का?

मग नवीन ट्रेलर आला आणि मी भिंतीकडेला गेलो. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

तर आगोट सुरू झाली. नवीन ट्रेलरला हात लावायची बंदी, म्हणून बाबामियाँ माझ्याच मागे लागले. तेही शुक्रवारी, स्वतःच्या सुट्टीत, ऊन चढायच्या आधी. पहिल्या शुक्रवारी पाठीवरचे एसी उतरवले आणि मला गोड्या पाण्याने धुतलं. वरून शिंपडलं नाही, सांगाड्याच्या पोकळीत नळी घालून धुतलं. आतून इतकं मीठ निघालं की मी स्वतःच ओशाळलो. दुसऱ्या शुक्रवारी जॅक लावून मला लाकडी ठोकळ्यांवर चढवलं आणि चाकं काढली. बेअरिंग बाहेर काढून रॉकेलमध्ये बुडवली. डाव्या बेअरिंगला गंज चढला होता. बाबामियाँनी ते नखाने खरवडून बघितलं आणि फेकून दिलं. नवीन आणलं. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन ते त्यात असं दाबून भरलं की दुसऱ्या बाजूने ग्रीस शेवयांसारखं बाहेर आलं. तोपर्यंत ते थांबले नाहीत. वरवर चोपडून कोणीही सोडतो. आतपर्यंत भरणारा एखादाच.

तिसऱ्या शुक्रवारी भानगड झाली. माझ्या कमानपाट्यांना, म्हणजे चाकांवरच्या त्या वाकड्या पोलादी पट्ट्यांना, बाबामियाँनी मुशीचं तेल लावलं. मुशी म्हणजे शार्क. त्यांच्या बापजाद्यांनी होड्यांना हेच पाजलं, म्हणून ते कुरियातच्या कोळ्यांकडून डबाभर घेऊन आले. त्या वासाने शनिवारी सकाळी अख्ख्या अमेरातच्या मांजरी यार्डात हजर. चौदा मी मोजल्या.

क्लेमेंट नाकाला रुमाल लावून बाहेर आला. “बाबामियाँ! ऑफिसमध्ये बसवत नाही! हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?”

“मुशीच्या पोटात लिवलंय. वाच जाऊन.”

त्याच वेळी क्लेमेंटची बायको क्लोटिल्डा त्याचा विसरलेला डबा घेऊन आली होती. तिने वास घेतला आणि ती नाक दाबायच्या ऐवजी हसली. “आगोट काढलीत काय, बाबामियाँ?”

क्लेमेंट बघतच राहिला. “तुला कसं माहीत?”

“माझा बाप पाचूबंदरचा कोळी. तू केळीच्या वाडीतला. तुला काय ठाऊक दर्याचं? हेच तेल आमच्या अंगणात उकळायचं.” मग माझी काढून ठेवलेली चाकं बघून म्हणाली, “टायरांना ऊन लागेल की हो. थांबा, जुने पडदे पाठवते.”

पडदे आले. गुलाबी, फुलाफुलांचे. माझी चाकं त्यात गुंडाळून सावलीत निजवली आणि उरलेले दोन माझ्या अंगावर घातले. शेजारच्या गॅरेजमधली माणसं मुद्दाम बघायला यायची. “दुल्हन!” म्हणून हसायची. माझा संताप व्हायचा. पण बावन्न डिग्रीच्या उन्हात मी गुलाबी पडद्याखाली गार होतो, आणि माझ्या पोटाखाली एका मांजरीने तीन पिल्लं घातली. हसा म्हणावं.

समोर नवीन ट्रेलर उघड्यावर उभा होता. पाठीवर मोठी बोट, टायर तापलेल्या जमिनीवर, चाकांच्या आत शेवटच्या ट्रिपचं खारं पाणी तसंच. मी चार महिने बघत होतो. त्याचे टायर आधी राखाडी झाले, मग त्यांना बारीक चिरा पडल्या, वाळलेल्या खडूसारख्या. मला त्याचा राग होता, खोटं कशाला बोलू? पण जुलैत तो राग गेला. त्याचा काय दोष? मे महिन्यात त्याच्यासाठी कोणाला काही करूच दिलं नाही.

ऑक्टोबर आला. पहिल्याच दिवशी क्लेमेंटने चार्ट वाचला आणि दोन माणसं लावून नवीन ट्रेलर बोटीसकट ठोकळ्यांवर चढवला. चाकं काढली. वर ताडपत्री. विंटर स्टोरेज! बाबामियाँ समोर उकिडवे बसून चहा पीत बघत होते.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. पहाटे चार वाजता अर्बाब आला. सीझनचे पहिले पाहुणे सात वाजता कुरियातच्या किनाऱ्यावर यायचे होते.

“बोट किधर?” त्याने ताडपत्री उचलली. “चक्का किधर?”

“अर्बाब... विंटर,” क्लेमेंटने चार्ट पुढे केला. “स्टोरेज.”

“विंटर?” अर्बाबने आकाशाकडे बघितलं, डोंगराकडे बघितलं, मग क्लेमेंटकडे. “क्लेमेंट, विंटर आता है तो हम बोट निकालता है!”

क्लेमेंटच्या हातातला चार्ट हळूहळू खाली आला. मला वाटतं, तो कागद त्याने त्या क्षणी पहिल्यांदा खरा वाचला.

धावपळ झाली. बोट त्याच्याच पाठीवर होती, म्हणून मे महिन्यातला शब्द विसरून नवीन ट्रेलरची चाकं परत बसवली. चार हात ओढला असेल नसेल, आतून कर्रर्र आवाज आला, आणि मग फट्! टायर फुटला. मांजरीची पिल्लं पळाली.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

बाबामियाँनी चहाचा कप ठेवला आणि माझ्यावरचे पडदे काढले. नीट घडी घालून काढले, आणि माझी चाकं बसवली. मग शेडच्या तुळईला चेनब्लॉक लावला, बोट साखळीने उचलली, नवीन ट्रेलर बाजूला ओढला आणि मला खाली सरकवलं. बोट माझ्या पाठीवर टेकली. आई गं! जुनीच्या दीडपट वजन. कमानपाटे वाकले, आणि तिथेच थांबले. कुरकुरले नाहीत. मुशीचं तेल!

“उचलेल का हा?” क्लेमेंट हळूच म्हणाला.

“सतरा उचलल्यात त्याने. बस गाडीत.”

रस्ता डोंगरातून उतरतो. बाबामियाँ पाच किलोमीटरवर थांबले, खाली उतरून चाकाला तळवा लावला. पंधरावर परत. अर्बाब पुढच्या गाडीतून हॉर्न मारत होता. तिसऱ्यांदा गाडी थांबली तेव्हा बाबामियाँच्या आधी क्लेमेंट उतरला. निळ्या डागाचा शर्ट, बुटात वाळू. तो वाकला आणि त्याने भीतभीत माझ्या चाकावर हात ठेवला.

“कोमट आहे.”

“कोमटच पाहिजे,” बाबामियाँ म्हणाले. “लिव चार्टात.”

सातला पाच कमी असताना कुरियात आलं. पाहुणे उभे. अर्बाब घड्याळ दाखवत होता. मला उलटं नेऊन पाण्यात घालायचं, बोट तरंगवायची, की संपलं. बाबामियाँनी मला पाण्यापासून दोन हातांवर आणलं आणि गाडीच बंद केली.

“क्या हुआ? यल्ला, जल्दी!”

“अर्बाब, दस मिनट.”

सात वाजले. सात वाजून तीन मिनिटं झाली. अर्बाबचा चेहरा आंबट. मित्रांनो, माझा जीव वरखाली होत होता. एवढं सगळं करून शेवटच्या दोन हातांवर हा माणूस का थांबतो? फायनल एक्झिट त्याचीच, माझी नाही का?

“बाबामियाँ, नोकरी जाईल,” क्लेमेंट कुजबुजला.

“गेली तर गेली. कोमट चाक पण थंड पाण्यात घातलं की ते पाणी पितं. खारं पाणी आत गेलं की बेअरिंग मेलं. तुझा नवा कशाने मेला, समजलास काय? दरवेळी घाई. गार होऊ दे त्याला.”

क्लेमेंटने त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग तो सरळ अर्बाबसमोर जाऊन उभा राहिला. हातात कागद नव्हता. “अर्बाब, टेन मिनिट्स. मेरा जिम्मा. बाबामियाँ सही बोलता है. वो नया वाला मैंने खराब किया.”

अर्बाब थांबला. सात वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा बाबामियाँनी माझ्या दोन्ही चाकांना हात लावला, मान हलवली आणि मी मागे मागे पाण्यात गेलो. थंड पाणी कमानपाट्यांपर्यंत आलं. बोट धरून ठेवणारा विंचचा पट्टा सैल झाला, रोलर फिरले, आणि बोट माझ्या पाठीवरून अशी उतरली, जशी दुधावरची साय. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. बोटीसाठी. असो.

अर्बाबने मात्र चावी काढली आणि ओल्या सांगाड्यावर टिचकी मारली. टण्ण!

“मब्रूक, बाबा,” त्याने अभिनंदन केलं. “ये रुसैल नहीं जाएगा. तुम भी जयगड नहीं.”

बाबामियाँनी फडकं डोळ्यांना लावलं. ग्रीस लागलं असेल.

आता ऑफिसच्या भिंतीवर नवीन चार्ट आहे. ऑक्टोबरची चौकट कोरी. मेच्या चौकटीत क्लेमेंटने टोपण नसलेल्या पेनाने मोठ्ठं लिहिलंय: ‘आगोट’. अर्बाबने विचारलं, हे काय? क्लेमेंट म्हणाला, सीरियस मेंटेनन्स. अर्बाबने “आगूत, आगूत” असं दोनदा घोळवलं आणि सही केली. नवीन ट्रेलरला नवीन टायर आणि नवीन बेअरिंग मिळाली. पुढच्या मे महिन्यात त्यालाही पडदे मिळणार आहेत. क्लोटिल्डाने निळे काढून ठेवलेत. गुलाबी माझे.

मित्रांनो, एकच मागणं आहे. तुमच्या घरी जे काही तुमचं ओझं वाहतं, सायकल असो, गाडी असो, नाहीतर माणूस, ते बंद पडायची वाट बघू नका. काम झालं की धुवा. उभं ठेवायच्या आधी तेलपाणी करा, तेही आतपर्यंत. आणि मधून मधून थांबून हात लावून बघा. कोमट आहे की तापलंय, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं, ते फक्त तळ...

हॉर्न वाजला. गाडी मागे येतेय, आणि आज तळवा लावायला क्लेमेंट पुढे आहे. चला, मला आता निघायला हवं.